वारं सरलं का?

आमच्या घरी रात्री जेवताना फोन वाजला की आई वरणाचं पातेलं उचलून परत शेगडीवर ठेवायची. फोन दवाखान्यातलाच असणार हे ठरलेलं. अण्णा ताटावरून उठायचे. उजवा हात खरकटा, म्हणून डाव्या हातानं रिसीव्हर उचलायचे आणि हॅलोच्या जागी म्हणायचे, "वारं सरलं का?"

पलीकडून 'हो' आलं की तिथूनच आईकडे बघून मान हलवायचे. मग सिस्टरला सूचना. "दोन चमचे चहा द्या. पातळ. बिस्कीट नको. तासाभरानं परत दोन चमचे." आणि ताटावर येऊन दुसरी भाकरी मागून घ्यायचे. 'नाही' आलं तरी येऊन बसायचे, पण मग भाकरीचा तुकडा वरणात बुडवून तसाच धरून ठेवायचे. आई म्हणायची, "जेवा तरी." ते म्हणायचे, "जेवतोय की."

वारं सरणं हा शब्द इतरांच्या घरी जेवणाच्या पंगतीत कुणी उच्चारत नसेल. आम्हा दोघी बहिणींना त्यात वावगं काही आहे हे शाळेत जाईपर्यंत माहीतच नव्हतं. पाऊस पडला का, एसटी आली का, तसं वारं सरलं का.

अण्णा गेले त्याला आता वर्ष होत आलं. लातूरला चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी सर्जन म्हणून काम केलं. गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर वीस खाटांचा दवाखाना, आणि औसा रोडला घर. त्यांच्यावर लिही असं बरेच जण म्हणतात. लिहायला बसलं की मला आधी ऑपरेशनं आठवतच नाहीत. आठवतं ते त्यांचं थांबणं.

त्यांचा जन्म औसा तालुक्यातल्या एका खेड्यातला, १९४६ सालचा. म्हणजे निजामाच्या राज्यातला. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या मराठवाड्याच्या पोराला डॉक्टर व्हायचं तर हैदराबादची वाट धरावी लागायची. औरंगाबादला सरकारी मेडिकल कॉलेज निघालं १९५६ मध्ये, आणि अण्णांच्या वाट्याला ते आलं. सगळा मराठवाडा त्या दवाखान्याला 'घाटी' म्हणतो. गावाचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं, घाटी घाटीच राहिली. एमबीबीएस तिथंच, एमएस तिथंच. १९७२ चा दुष्काळ त्यांनी घाटीच्या वॉर्डातून पाहिला. खडी फोडताना डोळ्यात कपची गेलेली, दगडाखाली बोटं चेंबलेली, मिलो आणि सुकडीवर जगणारी माणसं. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. एवढंच म्हणायचे, की त्या साली आम्ही टाके घालायचो, पण जखम भरायला अंगात काही लागतं की नाही?

१९७५ मध्ये ते लातूरला आले तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा व्हायला १९८२ चा ऑगस्ट उजाडावा लागला. पेशंट यायचे ते बैलगाडीतून, एसटीच्या मागच्या बाकावर आडवे, नाहीतर कुर्डुवाडीकडून येणाऱ्या छोट्या रेल्वेनं. ढोकी, मुरूडकडची माणसं त्या गाडीनं आली की स्टेशनवरून आमच्याकडे निरोप यायचा. भूल द्यायला वेगळा डॉक्टर कायम मिळायचा असं नव्हतं. पाठीतलं इंजेक्शन अण्णा स्वतःच द्यायचे, मग हात परत धुऊन टेबलाशी उभे राहायचे. बैलानं शिंग घातलेली पोटं, कडबाकुट्टीत गेलेले पंजे, फुटलेलं अपेंडिक्स, मुतखडे, आणि टायफॉइडनं आतड्याला पडलेली छिद्रं. त्या छिद्रांची त्यांना सगळ्यात जास्त भीती होती. पंधरा-वीस दिवस ताप अंगावर काढायचा, भगताकडे जायचं, मग पोट फुगून लाकडासारखं कडक झालं की दवाखाना.

ढोकीकडचा एक मुलगा असाच आला होता, नऊ-दहा वर्षांचा. छिद्र पडून चार दिवस झालेले. अण्णांनी रात्री ऑपरेशन केलं आणि पुढच्या चार रात्री घरी आलेच नाहीत. आई डबा पाठवायची. पाचव्या दिवशी पहाटे आले, अंगणात पायरीवर बसले, बूट काढले नाहीत. आईनं काही विचारलं नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "सरलंच नाही गं." मी दारामागं उभी होते. वडिलांना रडताना मी तेव्हा पाहिलं. त्या मुलाच्या बापाला गावी पोचवायला त्यांनी जीप करून दिली होती, हे कितीतरी वर्षांनी कंपाउंडरकाकांकडून कळलं.

वारं सरणं म्हणजे नक्की काय, हे मला कळलं १९८६ मध्ये, अकरा वर्षांची असताना, स्वतःवर बेतलं तेव्हा. अपेंडिक्स. अण्णांनी मला हात लावला नाही. आपल्या माणसावर आपण सुरी धरायची नाही, असा त्यांचा नेम. लातूरमधल्याच दुसऱ्या एका सर्जनकडे मला नेलं आणि ते इतर नातेवाइकांसारखे बाहेर बाकावर बसून राहिले. आई सांगायची, की आतून बोलावणं आलं, या बघायला, तरी उठले नाहीत.

रात्री मात्र ते माझ्या खाटेशी होते. मला तहान लागलेली, ओठ कोरडे, आणि कुणी घोटभर पाणी देईना. ओला कापूस ओठांवरून फिरवत अण्णा मला सांगत होते. आतड्याला हात लावला की ते रुसतं. हालचाल थांबवतं. लहान आतडं लवकर जागं होतं, काही तासांत. जठराला एखादा-दोन दिवस लागतात. मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवसांनी. ते जागं झालं की वारं पुढं सरकतं आणि बाहेर पडतं. तोवर वरून काही ओतलं तर सगळं तुंबतं. "मग जागं करा की," मी म्हटलं. ते म्हणाले, "ते आपल्या हातात नाही बाळा. आपण फक्त ऐकायचं."

त्यांनी स्टेथोस्कोपची चकती आधी स्वतःच्या मुठीत धरली. बराच वेळ. ती गार लागू नये म्हणून. मग माझ्या पोटावर ठेवली, डोळे मिटले आणि निश्चल बसले. त्यांचा चेहरा तसा मी पुन्हा फार कमी वेळा पाहिला, कुणीतरी लांबून हाक मारतंय आणि ती नीट ऐकू यावी म्हणून श्वास धरलाय असा. नंतर त्यांनी नळ्या माझ्या कानात घातल्या. आत लांबवर ढग गडगडावेत तसं काहीतरी झालं. "आलं," अण्णा म्हणाले. "आता उद्या."

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, तिची शाळा सकाळची. त्यामुळं आमच्या वेण्या अण्णा घालायचे. आम्हा दोघींना त्यांच्या पुढ्यात पाटावर बसवायचे आणि ओल्या केसांचे तीन सारखे पदर पाडायचे. त्यांची बोटं वेगात चालायची, पण टाळूला कधी ओढ बसली नाही. रिबिनीची गाठ मात्र त्यांची खास. पहिला वेढा एकदा घालून सोडायचा नाही, दुसऱ्यांदा फिरवून घ्यायचा. म्हणजे दुसरी गाठ बसेपर्यंत पहिली सैल पडत नाही. आत रक्तवाहिनी बांधताना हाच वेढा घालतात, हे त्यांनी आम्हाला तेव्हाच सांगून ठेवलेलं. शाळा सुटेपर्यंत आमच्या रिबिनी सुटायच्या नाहीत. संध्याकाळी आईला त्या सोडवायला दाभण घ्यावा लागायचा.

घरात कुठंही दोरे सापडायचे. खिडकीच्या गजाला, खुर्चीच्या हाताला, बाजेच्या खुराला काळ्या रेशमी दोऱ्याच्या गाठींची माळ. आमचे पाढे ऐकताना अण्णांचा डावा हात एकट्यानं गाठी मारत राहायचा. उजवा अडकलेला असला तर डाव्याला यायला हवं, म्हणायचे. पाढा चुकला की हात थांबायचा. त्यांनी कधी 'चूक' म्हटलं नाही. हात थांबला की आम्हाला कळायचं, आणि बरोबर आकडा येईपर्यंत ते तसेच दोरा धरून बसायचे.

१९९३ मध्ये मी अठरा वर्षांची होते. २९ सप्टेंबरला गणपती बोळवून सगळं गाव उशिरा झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आम्ही रस्त्यावर आलो. घरात भांडी अजून वाजत होती. लोक एकमेकांना हाका मारत होते. अण्णा गप्प उभे होते. मग म्हणाले, "इथं एवढं हललंय, म्हणजे कुठंतरी लई वाईट झालंय." शर्ट चढवला आणि दवाखान्यात गेले. सकाळी पहिला टेम्पो आला तो किल्लारीकडून.

किल्लारी, सास्तूर आणि आसपासची बावन्न गावं बसली होती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं चढवलेला मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. जी वाचून आमच्याकडे आली त्यांच्या केसांत, नाकात, कानांत आणि जखमांत माती होती. वरून पाऊस लागला. वीस खाटांच्या दवाखान्यात व्हरांडा धरून साठाच्या वर माणसं. मला कामाला लावलं. सलाइनची बाटली जखमेवर धरून ओतत राहायचं, माती निघेपर्यंत.

तिथं मी अण्णांचं दुसरं थांबणं पाहिलं. जखमा धुतल्या, मेलेलं मांस काढलं, आणि टाके न घालता उघड्याच ठेवल्या. ओलं ड्रेसिंग, वर पट्टी. नातेवाईक हैराण. एक म्हातारी, मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत उघडी पडलेली, अण्णांचा हात धरून म्हणत होती, "शिव की रं लेकरा, आसं उघडं टाकू नको मला." अण्णा तिच्यापाशी खाली बसले. "मावशे, आत माती हाय. आज झाकली तर आत सडंल, पाय जाईल. चार दिस रोज धुतो. पाचव्या दिशी शिवतो. मी कुठं जात न्हाई." घरी प्रमाण मराठी बोलणारे अण्णा पेशंटशी असं बोलायचे, आणि त्यात आव नसायचा. ती त्यांची लहानपणीची भाषा होती.

आम्हाला मदत करायला बाहेरगावाहून आलेल्या एकानं त्या गडबडीत काही जखमा लगेच शिवून टाकल्या होत्या. लोकांना बरं वाटावं म्हणून असेल. अण्णांनी त्या सगळ्या परत उघडल्या. त्या माणसाला ते एक शब्द बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हातारीची जखम लाल, स्वच्छ झाली होती. त्यांनी ती शिवली. तिच्या घरातलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. पुढं दिवाळीला ती आमच्याकडे यायची आणि साडीच्या निऱ्या सारून सगळ्यांना तो वण दाखवायची.

त्याच व्हरांड्यात पोटाची ऑपरेशनं झालेले चौघे होते. अण्णा दर फेरीला त्यांना तोच प्रश्न विचारायचे. दोन दिवसांत अख्ख्या व्हरांड्याला तो पाठ झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी एकाचा भाऊ ड्रेसिंगच्या खोलीकडे पळत आला, "सरलं डागदर! सरलं!" आणि ती सगळी माणसं, ज्यांनी त्या आठवड्यात आपलं घरदार ढिगाऱ्यात पाहिलं होतं, त्या खाटेकडे बघायला लागली. कुणीतरी हसलं. मग अजून कुणी. मी हातात बाटली धरून उभी होते आणि मला हुंदका आवरेना.

थांबण्यावरून अण्णांचं नुकसानही झालं. बीड जिल्ह्यातून, केजकडून ऊसतोडीच्या बाया यायच्या. कुणी पंचविशीतली, कुणी तिशीतली. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, आणि कुणीतरी सांगितलेलं असायचं की पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. पाळीत एक दिवस बसलं की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. पिशवीच नको, हा हिशेब त्या बाईनं केला तर तिला काय बोलायचं? अण्णा तपासायचे, औषध लिहून द्यायचे, म्हणायचे, "महिनाभर घे, मग ये. पिशवी काढायची गरज न्हाई बाई." कित्येक जणी परत आल्या नाहीत. दुसरीकडे जाऊन काढून आल्या. "तुम्ही नाही केलं तर कुणी तरी करणारच," असं त्यांना त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांनी ऐकवलं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पेपरात तो आकडा आला त्या दिवशी अण्णांनी पेपर घडी करून उशीखाली ठेवला. दोन दिवस तो तिथंच होता. मला वाटतं, ते मनात परत न आलेल्या बायका मोजत होते.

२०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पहिलं पाणी आलं, दहा डबे, पाच लाख लिटर. अण्णा तेव्हा सत्तरीचे. नळाखाली कोपरापर्यंत हात धुणं ही सर्जनची पहिली रीत, आणि आमच्या नळाला पाणीच नाही. वॉर्डातले मामा उकळून निववलेलं पाणी तांब्यानं बारीक धारेनं ओतायचे. हात वर, कोपर खाली, धार बोटांवर पडून कोपरावरून निथळायची. खाली घमेलं. त्या पाण्यानं नंतर फरशी पुसली जायची. "घाई करू नका मामा," अण्णा म्हणायचे, "धार तुटू देऊ नका फक्त." टळण्यासारखी ऑपरेशनं त्यांनी पाऊस येईपर्यंत टाळली. टळणारी नव्हती ती त्या धारेखाली झाली.

माझ्या बहिणीचा मुलगा आता सर्जरीत एमएस करतोय. तो सांगतो, की आता बहुतेक ऑपरेशनांनंतर एवढं थांबत नाहीत, लवकर पाणी देतात, लवकर उठवून चालवतात, त्यानं पेशंट लवकर बरा होतो. अण्णांनी हे वाचलं होतं. साठीनंतर त्यांनी आपली पद्धत बदललीही. चहा आता पहिल्याच दिवशी जायचा. फोनवरचा प्रश्न मात्र तोच राहिला.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचंच पोट फुगलं. मोठ्या आतड्यात गाठ, वाट बंद झालेली. पूर्वी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेल्या सर्जननं रात्रीच ऑपरेशन केलं. आतडं सुजलेलं, नाकातून नळी, तोंडानं काही नाही. अशा पोटाला जुनाच नियम. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. डॉक्टर यायचे, विचारायचे, अण्णा मान हलवायचे, नाही. ओल्या कापसानं मी त्यांचे ओठ पुसत होते.

तिसऱ्या रात्री त्यांनी नातवाच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे बोट केलं. त्यानं तो कानाला लावून दिला. अण्णांनी चकती मुठीत धरली, सवयीनं, आणि मग स्वतःच्या पोटावर पट्टीच्या बाजूला ठेवली. डोळे मिटले. आम्ही तिघंही उभे. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. मी न राहवून विचारलं, "काही आहे का?"

"थांब."

चकती तिथंच ठेवून ते झोपी गेले. मी ती काढली नाही.

त्या आजारातून ते उठले आणि सात महिने आमच्यात होते. त्या सात महिन्यांचं मी पुन्हा कधीतरी लिहीन. चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी खुर्चीतच पेंगत होते. आई घरून थर्मास घेऊन आली होती. रोज आणायची, रोज तसाच परत न्यायची. अण्णांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, आणि नळीमुळं घोगऱ्या झालेल्या आवाजात म्हणाले, "सरलं."

सिस्टरनं डॉक्टरांना फोन लावला. पलीकडचा झोपेतला आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "दोन चमचे चहा द्या. पातळ. बिस्कीट नको." आईनं थर्मास उघडला, चमचा बशीच्या काठावर निथळला आणि त्यांच्या ओठांशी नेला.